हेलपाटा

चाळीस वर्षं मास्तर हॉटेलच्या बारमध्ये काउंटरमागे उभे राहिले. या चाळीस वर्षांत आपण एकही हेलपाटा घातला नाही, असं ते सांगत, आणि ते बरंचसं खरं होतं. कोठीतून सोडा आणायला निघाले की जाताना रिकाम्या बाटल्यांचा क्रेट उचलत. येताना सोड्याच्या क्रेटवर लिंबांची पिशवी आणि पिशवीवर धुतलेली फडकी. रिकाम्या हातानं दार ओलांडणारं कुणी दिसलं की विचारत, "हात घरी ठेवून आलास का?" नव्या वेटरांना राग येई. सहा महिन्यांनी तेही क्रेट उचलायला लागत.

सगळे त्यांना थेंबमास्तर म्हणत. मापातून दारू ओतली की ते माप ग्लासावर उलटं धरून ठेवत. गिऱ्हाईक म्हणे, "अहो पडली सगळी." मास्तर म्हणत, "एक थेंब आहे अजून." आणि असायचा. तो पडल्यावरच माप खाली ठेवत. पुढे थेंब गळाला, नुसते मास्तर राहिले.

वय झालं तसे ते निवृत्त झाले. मालकांनी फक्त रविवार त्यांच्याकडे ठेवला. रविवारी हॉटेलात ब्रंच असे. नाश्त्याला उशीर झालेला आणि जेवणाला अवकाश असलेला, अशा अडनिड्या वेळी लोक येत, अंडी, पाव, फळं, केक खात आणि भर दुपारी कॉकटेल पीत. साडेदहा ते अडीच. एवढे चार तास मास्तर काउंटरला असत.

बाकीचे सहा दिवस ते खोलीत असत. तिसऱ्या मजल्यावरची खोली, एक खिडकी, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर ते बसत, दुसरीवर कपडे बसत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक परगावी, तिचा संसार तिला पुरून उरलेला. सोमवार ते शनिवार त्यांचं बोलणं मोजून सांगता आलं असतं. पाववाला विचारे, "नेहमीचा?" हे म्हणत, "हो." औषधवाल्याला म्हणत, "त्याच गोळ्या." शनिवारी संध्याकाळी लेकीचा फोन. त्यामुळे रविवारी सकाळी जिना उतरताना ते दोनदा मोठ्यानं खाकरत. बंद राहिलेला नळ पाणी यायच्या आधी गुरगुरतो, तसा सहा दिवस न वापरलेला गळा पहिल्या शब्दाला दगा देई. तसा एकदा पहिल्याच गिऱ्हाइकासमोर दिलाही होता. तेव्हापासून ते जिन्यातच खाकरून घेत.

एका रविवारी आवराआवर चालली असताना मालकांची मुलगी काउंटरशी आली. आता हॉटेल तीच बघत होती. लहानपणी याच काउंटरवर बसून ती पाय हलवत सरबत प्यायची. मास्तर तिला चारचौघांत "ताई, तुम्ही" म्हणत आणि कुणी नसलं की "ताई, तू".

"मास्तरकाका, पुढच्या रविवारपासून एक गंमत करूया."

"गंमत करायचं वय तुझं आहे, ताई."

"ऐका तर. पाहुणे आपापलं कॉकटेल स्वतःच बनवतील. हल्ली आवडतं लोकांना. आपण फक्त टेबल लावून ठेवायचं. दारू, रस, बर्फ, लिंबं. ज्याला जसं हवं तसं."

"आणि मी काय करू?"

"टेबल तुम्हीच लावायचं. तुमच्याइतकं नीट कोण लावणार? पहिले एकदोन रविवार बाजूला उभे राहा. लोकांचं लोकांना जमतंय असं दिसलं की मग निवांत बसा घरी. किती दिवस गुडघे झिजवणार?"

ती मायेनं बोलली होती, तीच पंचाईत होती. तोडून बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. मास्तर "बरं" म्हणाले आणि ओट्याचा पुसलेला कोपरा पुन्हा पुसू लागले. टेबल नीट चाललं की रविवार गेला, एवढा हिशेब त्यांना कळत होता.

मागच्या मोरीत ग्लास विसळणाऱ्या मावशींनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे कान नळ चालू असतानाही चालत.

"मास्तर, बसलात ती फांदी तोडायला सांगितलीय तुम्हाला," मावशी म्हणाल्या. "मी काय म्हणते, कुऱ्हाड जरा बोथट घ्या."

"बोथट कुऱ्हाडीनं तोडणाऱ्याचेच हात दुखतात."

"दुखू देत. फांदी तरी राहील."

मास्तर हसले, पण मावशींचं ऐकणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांना वाईट काम करताच येत नव्हतं. डाव्या हातानं लिहायला सांगितलं तर माणूस जसा अडखळेल, तसे ते वाईट काम करताना अडखळले असते.

शनिवारी सकाळीच ते हॉटेलात गेले. तीन टेबलं जोडून एक लांब टेबल केलं, भिंतीपासून दीड हात पुढे, म्हणजे मागे उभं राहायला जागा. पांढरी चादर घातली, तिच्या घड्या गरम इस्त्रीनं टेबलावरच मोडल्या. मग मागे उभं राहून मांडणी सुरू केली. डाव्या हाताला ग्लास, उंच वेगळे आणि बुटके वेगळे. त्याच्या शेजारी बर्फाचं घमेलं आणि दोन चिमटे, कारण एक हमखास हरवतो. मग व्होडका, जिन, रम. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोरीनं बांधलेलं एक माप. मग संत्र्याचा, टोमॅटोचा, अननसाचा रस, काचेच्या जगांत. मग साखरेचा पाक, मग सोडा. सगळ्यात शेवटी, उजव्या टोकाला, लिंबाच्या फोडी, पुदिना, मीठ, मिरपूड आणि ढवळायच्या काड्या. बाटल्यांची लेबलं मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवलेली. ते त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

चार कॉकटेलांच्या कृती त्यांनी चार पुठ्ठ्यांवर लिहिल्या. ताईनं बघून विचारलं, "क्रमांक नको का घालायला? आधी काय, मग काय?"

"रांगेत मांडलंय, रांगेत घ्यायचं," मास्तर म्हणाले. "आकडे घालून लोकांना काय बालवाडीत बसवायचंय?"

मग बाटल्यांत आणि जगांत पाणी भरून त्यांनी रंगीत तालीम केली. डावीकडून उजवीकडे एकदा हात फिरला की पेय तयार. परत मागे यायचं नाही, कुणाच्या हाताखालून हात घालायचा नाही. नऊ वेळा केलं, नऊ वेळा जमलं. मावशींनी पाण्याचे नऊ ग्लास विसळले आणि तोंड वाजवलं, "पाण्यात पाणी घालून पाणीच झालं, आता तरी घरी जा." मास्तर घरी गेले. सकाळी कापायच्या चाळीस लिंबांची पिशवी तेवढी आपल्या हातानं गारव्याला ठेवून गेले.

रविवारी साडेदहाला पाहुणे आले आणि अकरा वाजता टेबलाशी जत्रा झाली.

काय बिघडलं ते मास्तरांना कळेना. पहिल्याच बाईंनी पुदिन्याची जुडी उचलली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागच्या गृहस्थांनी सोड्याची बाटली उघडली. ग्लास दिसेना म्हणून सोडा कॉफीच्या कपात ओतला. एकजण टेबलाच्या टोकापर्यंत जाऊन ग्लास घेऊन परत येऊ लागला, तेवढ्यात समोरून दुसरा लिंबाची फोड बोटांत धरून ग्लासाकडे निघालेला. दोघं एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" म्हणत एकाच बाजूला सरकत राहिले.

"काका, ग्लास कुठायत?"

"काका, यात आता काय घालू?"

"काका, सगळं घातलं, बर्फ राहिला. आता घातला तर चालेल?"

"चालेल, पण सांडेल," मास्तर म्हणत आणि ग्लास आपल्या हातात घेत. कपातला सोडा ग्लासात गेला, पुदिना चिरडला गेला, माप उलटं धरलं गेलं. "एक थेंब आहे अजून." लोक हसले. दोघा-तिघांनी पुन्हा पुन्हा तेच करून बघितलं. बाजूला उभं राहायचं ठरलं होतं, पण ते टेबलामागे इकडून तिकडे पळत होते. कपाळावर घाम होता आणि गळा खणखणीत चालत होता. असा रविवार त्यांना कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

बाराच्या सुमारास काठी टेकत एक बाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. बरोबरचा मुलगा आणि सून दोन जुळ्या नातवंडांच्या मागे बागेत धावत होती, म्हणून त्या एकट्याच टेबलाशी आल्या. या टोकाशी थांबल्या, काही उमजेना, मग काठी टेकत त्या टोकाला गेल्या. ग्लास सापडला, पण ग्लास आणि काठी हातात असताना बाटली कशानं उचलायची? ग्लास खाली ठेवून परत आल्या. मग ग्लास कुठे ठेवला ते आठवेना. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी सगळं सोडलं आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.

मास्तर त्यांच्याकडे गेले. "आजी, तुम्ही बसा. मी आणून देतो."

"आजी काय म्हणता? तुम्हीही काही कालचे दिसत नाही." मग जरा डोळे बारीक करून म्हणाल्या, "दिसत नाही म्हणजे खरंच दिसत नाही हं. मला लांबचं दिसतं, जवळचं नाही. तुमचं तोंड मला धुक्यातल्यासारखं आहे. नुसता पांढरा एप्रन कळतो. त्या पुठ्ठ्यांवर काय खरडलंय?"

मास्तरांनी चारही कृती पाठ म्हणून दाखवल्या. बाईंनी टोमॅटोचा रस निवडला.

"व्होडका घालू थोडी? की नको?"

"का नको? डॉक्टर आलाय का इथे?"

"मग अर्धं माप घालतो."

"अर्ध्या मापासाठी मी तीन हेलपाटे घातले होय?"

मास्तरांनी पूर्ण माप घातलं आणि शेवटच्या थेंबाची वाट बघितली. बाईंना ते आवडलं. त्यांनी सांगितलं की त्या स्वतः टपाल कचेरीत होत्या, बत्तीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारले. शिक्का तिरका पडला की त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही, सून म्हणते, आई, शिक्क्याचं काय एवढं. मास्तर म्हणाले, "एवढंच तर असतं." दहा मिनिटं ते बाजूला उभे राहून बोलले. मुलानं हाक मारली तेव्हा बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नसतात तर मी तशीच गेले असते."

अडीच वाजता ताई आली. दमलेली होती, पण हसत होती. "मास्तरकाका, मी हरले. तुमच्याशिवाय काही जमणार नाही. रविवार तुमचाच."

मास्तरांनी तिच्या हातात सरबताचा ग्लास दिला.

सगळे गेल्यावर ते टेबल आवरू लागले. लिंबाची एक फोड चादरीवरून घरंगळून पलीकडे पडली होती. ती उचलायला ते टेबलाला वळसा घालून पुढच्या बाजूला गेले. खाली वाकले, फोड उचलली, उभे राहिले आणि तसेच राहिले.

त्यांच्या डाव्या हाताला पुदिना होता. उजव्या हाताला, पार तिकडच्या टोकाला, ग्लास होते.

खाण्याच्या टेबलाची रांग पुदिन्याच्या बाजूला संपत होती आणि त्याच बाजूनं लोक या टेबलाशी येत होते. आणि त्या बाजूला सगळ्यात आधी होतं ते सगळ्यात शेवटी लागायचं. मास्तरांनी अख्खं टेबल आपल्या बाजूनं लावलं होतं. तालीम केली तीही आपल्याच बाजूनं, नऊच्या नऊ वेळा. गिऱ्हाइकाच्या बाजूला उभं राहून बघायचं त्यांना सुचलंच नाही. चाळीस वर्षांत तिकडे उभं राहायची वेळच आली नव्हती.

मोरीतून नळाचा आवाज येत होता. हे कुणाला कळलं नव्हतं. ताईला कळलं नव्हतं, मावशींनाही नाही. लोकांना जमत नाही, मास्तर लागतात, असं ठरून गेलं होतं. फोड टाकून द्यायची, चादर गुंडाळायची, झालं.

त्या आठवड्यात खोलीत बसून ते हेच घोळवत राहिले. चूक मुद्दाम केलेली नव्हती. ती तशीच राहू दिली तर मुद्दाम केल्यासारखीच होती. सोमवारी त्यांना वाटलं, एका टेबलाचं काय एवढं. मंगळवारी ते शिक्क्यांचं बोलणं आठवलं. बुधवारी त्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे टेबल काढून बघितलं आणि माणसं किती चालली ते मोजलं. साठ-सत्तर पाहुणे, प्रत्येकाच्या निदान दोन वाया फेऱ्या. कुणा वेटरानं तेवढे हेलपाटे घातले असते तर त्यांनी त्याला उभा ठेवला नसता. आणि त्या काठीच्या तीन फेऱ्या वेगळ्याच. बाईंनी आभार मानले होते ते कशाचे? आपणच खड्ड्यात पाडायचं आणि आपणच हात द्यायचा.

शनिवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, जेवलात? गोळ्या घेतल्यात? आणि ते टेबलाचं काय झालं?"

"झालं. लोकांना जमलं नाही. ताई म्हणाली, मी लागतोच."

"बघा! सांगत होते ना मी, तुमच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही."

"तसं नाही गं. टेबल उलटं लागलं होतं."

"उलटं म्हणजे? पाय वर?" ती हसली. मागे कुणीतरी काहीतरी पाडलं. "थांब रे, आले! बाबा, नंतर बोलते हं. नीट राहा."

"हो," मास्तर म्हणाले. तोवर फोन बंद झाला होता.

ते तसेच उठले, सदरा घातला आणि हॉटेलात गेले.

या वेळी त्यांनी टेबलाच्या पुढच्या बाजूनं सुरुवात केली. ग्लास पाहुण्यांच्या डाव्या हाताला, पुदिना उजव्या हाताला. पुठ्ठे नवे केले, अक्षर वीतभर, आणि ते टेबलाच्या मागच्या कडेला उंच उभे केले, म्हणजे लांबचं दिसणाऱ्यालाही वाचता येतील. क्रमांक घातले, एक ते सात. बालवाडी तर बालवाडी. बर्फाचं घमेलं पुढे कडेला ओढलं. मध्ये दोन ठिकाणी हातभर जागा मोकळी सोडली, ग्लास टेकवून बाटली उचलता यावी म्हणून. मग मावशींची फरशी पुसायची काठी घेतली आणि ती टेकत टेकत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

मावशी हात पुसत बाहेर आल्या. "पाय मुरगळला की काय?"

"नाही. मोजतोय. अकरा पावलं आणि एकच फेरी."

मावशींनी टेबलाकडे बघितलं. मग मास्तरांकडे. त्यांना दोन क्षणांत सगळं कळलं.

"अहो, मागच्या रविवारी सगळे काका, काका करत होते, ते काय वाईट होतं? देवानं दिलेली चूक होती. गप्प बसायचं सोडून."

"मला कुठे बोलावत होते मावशी? ग्लास शोधत होते सगळे."

मावशींनी आपली काठी ओढून घेतली आणि आत जाऊन नळ जरुरीपेक्षा मोठा सोडला.

रविवारी पाहुणे आले. पहिल्या बाईंनी ग्लास उचलला, बर्फ घातला, माप ओतलं, रस ओतला, लिंबू पिळलं आणि गेल्या. त्यांच्या मागून दुसरे, तिसरे. रांग पाण्यासारखी सरकत होती. मास्तर टेबलामागे उभे होते. अकरा वाजता एकानं त्यांच्याकडे बघितलं. ते पुढे झाले, पण तो त्यांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होता. साडेअकराला त्यांनी एक रिकामा जग भरला. मग हात मागे बांधून उभे राहिले. काही न करता उभं राहायला किती बळ लागतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. गुडघे आज पहिल्यांदा खरोखर दुखले.

बाराला ताई आली आणि बघतच राहिली. "अहो, हे काय केलंत? जादू?"

"मागच्या वेळी चुकलं होतं माझं. उलटं लावलं होतं."

ताईनं चटकन त्यांच्याकडे बघितलं. तिलाही काहीतरी कळलं असावं. मग त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "आता बसा, काका. खरंच. टेबल कसं लावायचं ते एका कागदावर लिहून द्या, आपल्या वाढणाऱ्या दोघी मुली लावतील तसंच. आणि पुढच्या रविवारपासून तुम्ही इथे पाहुणे म्हणून या. कधीही. आज तर याच. काढा तो एप्रन. स्वतःसाठी काहीतरी बनवा बघू."

नाही म्हणायला कारण सापडेना. मास्तरांनी एप्रन काढला, चार घड्या घातल्या, मोरीतल्या खुंटीखालच्या फळीवर ठेवला आणि टेबलाला वळसा घालून रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

त्यांच्या पुढेच काठीवाल्या बाई होत्या. मास्तर ओळख द्यायला घसा साफ करणार, तेवढ्यात बाई वळल्या.

"पहिल्यांदाच आलात वाटतं?"

मास्तर अडखळले. "इकडून... हो, पहिल्यांदाच."

"घाबरायचं काही नाही. ते बघा, आकडे आहेत. आधी ग्लास. मग बर्फ, बर्फ आधी घालायचा, नाहीतर सांडतं. मग त्या मापानं हवं ते. आणि माप लगेच खाली नाही ठेवायचं हं, उलटं धरायचं. एक थेंब राहतो आत."

"हो का?"

"राहतो म्हणजे राहतो. मला एकानं दाखवलंय." त्यांनी ग्लास मोकळ्या जागेत टेकवला, काठी मनगटाला अडकवली, बाटली उचलली, ओतली आणि माप उलटं धरून थांबल्या. थेंब पडला. "बघा. मागच्या खेपेला इथे नुसता सावळागोंधळ होता. एक बिचारे गृहस्थ एकटेच धावत होते. आज दिसत नाहीत ते. पण लावलंय छान कुणीतरी. ज्यानं लावलंय त्याला चालणाऱ्याच्या पायांची कदर आहे."

मास्तरांच्या तोंडाशी शब्द आला होता. पण आपण म्हणजे तेच असं म्हटलं, तर मागचा गोंधळही आपलाच, हे सांगावं लागलं असतं. आणि ते सगळं सांगेपर्यंत रांग थांबली असती.

"हो," ते म्हणाले. "बरं लावलंय."

"आई, चला, केक संपतोय!" बागेच्या दारातून सुनेनं हाक मारली. बाई अकरा पावलांत टेबल संपवून, एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन, एकही थेंब न सांडता गेल्या.

मास्तरांनी लिंबू-सोडा बनवला. पुदिन्याचं एक पान घातलं. खिडकीपाशी उभं राहून प्यायले. चव अगदी मापात होती. मग रिकामा ग्लास स्वतःच मोरीत नेला. मावशींनी तो घेतला, पुन्हा पुन्हा विसळला आणि वर न बघता म्हणाल्या, "आज गिऱ्हाईक?"

"आज गिऱ्हाईक."

कागद त्यांनी तिथेच बसून लिहिला. चौदा ओळी झाल्या. पहिली ओळ अशी होती: टेबल लावण्याआधी टेबलाच्या पुढच्या बाजूला जाऊन उभे राहावे.

पुढच्या रविवारी त्यांना नेहमीच्या वेळी जाग आली. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. पाहुणे म्हणून जायला काही हरकत नव्हती. पण सगळे कुणाबरोबर तरी येत, दोघं, चौघं, आठ-दहा. एकट्या माणसाला कुठल्या टेबलावर बसवतात ते त्यांनी पाहिलं होतं. खांबामागच्या. तरी पाय निघालेच. जिना उतरताना ते दोनदा खाकरले.

हॉटेलच्या मागच्या दाराशी ते थांबले. आत टेबल लागत होतं. दोघी मुलींचं हसणं ऐकू येत होतं. मग बर्फ घमेल्यात पडल्याचा आवाज आला, पाहुण्यांच्या डावीकडून, जिथून यायला हवा तिथूनच. पुढे मापं बाटल्यांवर टकटकली. त्यानंतर जग. सगळं क्रमानं.

दाराबाहेर रिकाम्या बाटल्यांचा एक क्रेट पडला होता. मास्तरांनी तो उचलला, फाटकापर्यंत नेला आणि गाडी लागते तिथे, भिंतीला लावून ठेवला. हात झटकले. मग ते परत निघाले, आणि वाटेत त्यांच्या लक्षात आलं की हात रिकामे आहेत. हॉटेलात जाताना घरून काही नेलं नव्हतं, घरी येताना काही आणत नव्हते.

कोपऱ्यावर पाववाल्यानं दुकान उघडलं होतं. रविवारी या वेळी मास्तरांना बघून त्याला जरा नवल वाटलं.

"नेहमीचा?"

"हो," मास्तर म्हणाले. आवाज एकदम स्वच्छ निघाला.